मोठ्या प्लगाची पाळी

३ मार्च २००५, गुरुवार
सकाळी स्वयंपाकघरातला प्लग जळाला. लाइट आली तशी सूनबाईनं, कमलनं, घाईत सगळं एकदम लावलं. इडलीला कॉइलची शेगडी, चटणीला मिक्सर, आणि बाळूच्या अंघोळीचा हीटर. तिन्ही एकाच मल्टीप्लगात. पांढरा प्लग करपला, घरभर वास. मेन पाडला म्हणून निभावलं. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण इडल्या कच्च्या, कंपनीच्या बसमधल्या पोरांचे डबे गेले नाहीत.
पोरगा बाळू रात्रपाळी करून रांजणगावहून आलेला. झोप अर्धी, राग पुरता. "बंद कर ते डबे. घर पेटंल एक दिस."
कमलनं भांडी जोरात घासली. इडलीचे डबे विकायचं, हे पोरीनं हौसेनं उभं केलेलं पहिलं काम.

४ मार्च
मेन पाडून फ्यूज बघितला. आत बारीक तार नाहीच, चांगली जाड तांब्याची पिळून बसवलेली! फ्यूज सारखा उडतो म्हणून बाळूचा उद्योग.
म्हटलं, "आरं, मेंढरांपाशी कुत्रं भुकतंय, झोप मोडतीय, म्हणून त्याचं तोंड बांधून झोपतात व्हय? लांडगा आला तर सांगंल कोण?"
"आबा, तुमची मेंढरं कवाच इकली. अजून कुत्रं सोडत न्हाई तुम्ही."
हसला खरा. जाड तार काढून बारीक बसवली.

५ मार्च
शेगडी कपाटावर ठेवली. इडल्या चुलीवर. मिक्सर ओसरीतल्या चांगल्या प्लगला, एकटाच. गॅसला नंबर लावलाय, कधी येईल ते येईल. धुरानं कमलचे डोळे लालभडक, तरी डबे गेले. बसला हात करून आली तेव्हा गालातल्या गालात हसत होती.

१० मार्च
शिरूरहून रज्जाकभाई वायरमन आला. मीटरच्या बोर्डापासून थेट जाड वायर ओढली, तिला वेगळा फ्यूज, शेवटी मोठा पॉवर प्लग. मिक्सरला छोटा प्लग निराळा. जुना मल्टीप्लग उचलून त्यानं थेट उकिरड्यावर भिरकावला.
"आबा, मोठ्या प्लगावर शेगडी न्हाईतर हीटर. दोन्ही मिळून कधीच न्हाई."
कमलला विहिरीची गोष्ट सांगितली. आमची भावाभावांची विहीर एक, पाट एक. थोरल्याची पाळी असली की धाकट्यानं आपल्या वाफ्याचं दारं बांधून गप बसायचं. दोघांनी एकदम पाणी सोडलं की पाट फुटतो अन् रान कुणाचंच भिजत नाही.
ती म्हणाली, "ते खरं आबा, पण लाइट असती सकाळची जराशीच. पयली पाळी कुणाची?"
बाळू म्हणाला, "अंघोळीची. मला झोपायचं असतं."
ती उठून चुलीकडं गेली. मी तरी कुणाच्या बाजूनं बोलणार?
भिंतीबाहेर खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरला, पाइप पुरला, त्याला अर्थिंगची तार जोडली. उन्हाळाभर तिथं ओल पाहिजे. पाणी ओतायचं काम आमच्या म्हातारीकडं.

१९ मार्च
पाण्यानं खड्ड्यापाशी हिरवंगार गवत आलंय. सगळं गाव करपलंय आणि आमची अर्थिंग हिरवी.
हीटरची पाळी आधी, म्हणून डबे रोज उशिरा. काल बस दोन हॉर्न देऊन निघून गेली. डबे परत घरी. आम्हीच इडल्या खाल्ल्या. 

२३ मार्च
कमलला शेगडीचा झटका बसला. थोडक्यात निभावलं, पण तोंड पांढरंफटक. बटण बंद, मेन पाडला, शेगडीला कुणालाही हात लावू दिला नाही.  बाळू झोपेतून उठला तो तिच्यापाशीच बसून राहिला.
रज्जाकभाईनं बघितलं. कॉइल झिजून पत्र्याला टेकलेली. पण अर्थिंग असताना फ्यूज उडायला हवा होता. बाहेर गेला आणि तिथनंच ओरडला, "आबा, ही शेळी कुणी बांधली?"
शेळी पाइपाला बांधलेली! हिसके देऊन देऊन तार उपटून काढलेली तिनं.
म्हातारी म्हणाली, "पाणी तुम्हीच घालायला लावलं. गवत आलं. मंग शेळीला काय माळावर धाडू? आन् खुटा बी आयता घावला."
रागवायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. रज्जाकभाई तर खालीच बसला. नवी कॉइल, नवी तार, तारेवर जाड नळी, खड्ड्याभोवती काटे. शेळी लिंबाखाली.

२४ मार्च
शेगडी लावली. पत्र्याला टेस्टर धरला, त्यातला दिवा लागला नाही. तरी कमल दारातच उभी. हात पुढं होईना. मी जबरदस्ती केली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो.

२६ मार्च, शनिवार
आज लाइट आली तशी बाळूनं हीटर काढून खुंटीला टांगला. थंड पाण्यानं अंघोळ केली, हू हू करत, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं. मग आत जाऊन म्हणाला, "पयली पाळी तुझी. मी हितंच हाय, लाव."
कमलनं बटण दाबलं. कॉइल लाल झाली. इडल्या वेळेत, चटणी वेळेत, बस फाट्यावर यायच्या आत डबे फाट्यावर.
मागनं येणाऱ्या बसमधल्या पोरांनीही चवीपुरता डबा नेलाय. त्यांना आवडलं तर दुसरी बसही तिचीच. त्यांनी "संध्याकाळी सांगतो" म्हटलंय. तिनं उडीद आत्ताच भिजत घातलेत, नेहमीपेक्षा जास्त.
सांज झालीय, ओसरीत बसून लिहितोय. फाट्यावर हॉर्न झाला. बाळू डबे घेऊन येतोय, रिकामे वाजतायत. कमल भिजलेले हात पदराला पुसत दारात उभी, मागची बस काय म्हणाली ते ऐकायला.