गॅरेजांत माझ्या आधी येऊन गेलात

अहो संदीपचे बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. माहेरी गेले तरी दोन दिवसांत परत यायचे. आज लिहायला बसलेय, कारण संदीपपुढे पुन्हा तोच प्रश्न आलाय, आणि त्याचं अर्धं उत्तर मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही.

आता नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर असतात म्हणे. त्या दुरुस्त करायला शिकवणारा एक कोर्स नाशिकच्या अंबडला निघालाय. फी भरपूर, शिवाय तेवढे दिवस वर्कशॉप बंद ठेवायचं. घातलेले पैसे परत कधी निघणार, याच विचारात असतो तो. परवा जेवताना म्हणाला, "आई, बाबा गेले त्या वर्षी माझ्या कोर्सचं तू कसं ठरवलंस?"

"चार ठिकाणी विचारलं आणि ठरवलं," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं.

आठवतं का तुम्हाला आपलं भांडण? संदीप बारावीनंतर एका खाजगी संस्थेचा गुळगुळीत कागद घेऊन आला होता. वर्षभरात मोटार दुरुस्ती शिकवणार आणि नोकरीची हमी. फी म्हणजे तुमचे पाच-सहा पगार. तुम्ही कागद बाजूला सारलात. "एवढे पैसे ओतून पोरगा शेवटी पानेच पुसणार," म्हणालात. मी चिडून म्हटलं, "तुम्हाला काय माहीत? गॅरेजात कधी पाऊल तरी टाकलंय का?" तुम्ही तसेच ताटावरून उठलात आणि ड्यूटीला गेलात.

त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. गणपती बसले त्याच आठवड्यात सकाळी तुम्ही बूट घालायला दारात बसलात, ते उठलाच नाहीत.

तुमचं सगळं आटोपलं आणि दादा माझ्या पाठीच लागला. "फंडाचे पैसे बँकेत ठेव. भावजींच्या जागी संदीपला थर्मल वीज केंद्रात चिकटव. कोर्सबिर्सच्या भानगडीत पडू नको." अर्ज केला, पण नंबर कधी लागेल हे कुणी सांगेना. इकडे त्या संस्थेचा माणूस घरी येऊन बसायचा. "ताई, एका वर्षात फी वसूल होते." संदीप माझ्या तोंडाकडे बघायचा. मी ठरवलं, जे रोज हे काम करतात त्यांनाच विचारायचं. दिवाळी झाली आणि मी निघाले.

पहिल्यांदा नाशिकरोडला रफिकभाईंच्या गॅरेजात गेले. पदर सावरत, घाबरत विचारलं, कोर्स केलेल्या मुलाला तुम्ही किती देता, न केलेल्याला किती. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"भाभी, हेच सगळं एक साहेब विचारून गेले. बारिश चालू होती तेव्हा. बसायच्या आधी त्यांनी रुमालाने स्टूल झटकला. ते ठीक आहे, कपडे खराब होतात. पण हे उठल्यावर पण झटकून गेले. असं कौन करतं?"

तुम्ही करत होतात. दवाखान्यात, बसमध्ये, कुठेही. पुढच्या माणसाला जागा स्वच्छ मिळावी म्हणून.

मला तिथेच रडू आलं आणि हसूही. म्हणजे माझं बोलणं तुम्हाला लागलं होतं. भर पावसात तुम्ही चौकशी करत हिंडलात आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हो?

रफिकभाई म्हणाले, पहिली दोन वर्षं दोघांनाही सारखेच पैसे. त्यापुढे ज्याला वायरिंग कळतं तो पुढे जातो. पण वायरिंग त्या संस्थेत शिकवतात का, हे त्यांना सांगता येईना.

मग सिन्नर फाट्यावर गेले. तिथे डिझेल पंप दुरुस्त करणारा एक तरुण होता. माझं बोलणं संपायच्या आत तो म्हणाला, "ते काका आलते की. त्यांनीबी हेच इचारलं. लय बारीक इचारत व्हते. पाठ दुखती का, चाळिशीनंतर काय करनार, समदं."

"पावसाळ्यात ना?" मी म्हटलं.

"नाय ओ. दिवाळीत. आम्ही हितं फराळ वाटला, त्या दिवशी. चिवडा दिला तर नको म्हनले, निसतं पानी प्याले."

मी म्हटलं, दुसरं कुणी असेल. तो म्हणाला, असंल. आणि वर म्हणाला, "पर जाताना त्यांनी सोताच्या रुमालानं स्टूल पुसला. मलाच कसंतरी झालं."

पुढचं मी नीट ऐकलं की नाही, कोण जाणे. सरकारी आयटीआयची फी नावापुरती असते, दोन वर्षं जातात पण नंतर अप्रेंटिस म्हणून थोडे पैसे सुरू होतात, एवढं कानावर पडलं. घरी येताना बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. पूर्ण रस्ताभर मी तिकडे पाहिलं नाही.

पुन्हा जायचं नाही असं ठरवलं होतं. पण संस्थेचा माणूस म्हणाला, शनिवारी प्रवेश बंद. शुक्रवारी मी पिंपळगाव बसवंतची एसटी धरली. हायवेवर नामदेवतात्यांचं मोठं गॅरेज आहे, द्राक्षांचे टेम्पो तिथेच जातात, असं ऐकलं होतं.

पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तात्यांनी मला लांबूनच पाहिलं आणि सावलीत स्टूल सरकवला.

"बसा. तुमचीच वाट बघत होतो."

"मला ओळखता?"

"तुमचे मालक आत्ताच सांगून गेले ना. म्हणाले, माझ्या घरच्या येतील, त्यांना उन्हात उभं करू नका."

त्या गॅरेजात भिंतीपासून कपबशीपर्यंत सगळं ऑइलने काळं होतं. तो स्टूल तेवढा स्वच्छ होता. शेजारी पाण्याचा रिकामा पेला, त्याच्या कडेला अजून थेंब होते.

"कुठे गेले?" मी विचारलं. तात्यांनी हायवेकडे हात केला.

मी बाहेर गेले. टेम्पो रांगेने उभे, ड्रायव्हर सीटवर झोपलेले. दोन्ही बाजूंना रस्ता सरळ, लांबपर्यंत दिसणारा. त्यावर कुणी चालत नव्हतं. मी हाक मारली नाही. तुम्हाला राग आला का? पण तुम्ही वळून पाहिलं असतं ना, तर मी संदीपकडे परत गेले नसते.

मग मी आत येऊन त्या स्टूलवर बसले. सगळं शांतपणे विचारलं, तुम्ही विचारलं असतंत तसं. तात्या म्हणाले, "त्या संस्थेची दोन मुलं माझ्याकडे आहेत. त्यांनाही मी पहिल्यापासूनच शिकवलं. आधी वर्षभर मुलाला माझ्याकडे पाठवा. रमला तर आयटीआयला घाला. नाही रमला तर तुमची फी वाचली."

मी हो म्हटलं.

सोपं नव्हतं ते. संदीप कितीतरी वर्षं थर्मलच्या शिपायापेक्षा कमी घरी आणायचा. मी ब्लाउज शिवून घर चालवलं. दादा दर राखीला ऐकवायचा. पुढे थर्मलचं बोलावणं आलं, तेव्हा संदीप आयटीआय संपवून पुन्हा तात्यांकडे लागला होता. तो म्हणाला, "आई, मी इथे बरा आहे." त्या रात्री मला फार भीती वाटली. मग हळूहळू जम बसला. आज पिंपळगावला त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली माणसं आहेत. पाठ दुखते त्याची. तुम्ही विचारलं होतंत ना, म्हणून सांगते.

त्या शुक्रवारनंतर कुणी तुमचं नाव काढलं नाही. तात्याही गेले. मला वाटलं, तुमच्या जिवाला स्वस्थता मिळाली.

आज संदीप अंबडहून चौकशी करून आला. हातपाय धुता धुता म्हणाला, "आई, गंमतच. तिथला क्लार्क म्हणाला, सकाळीच तुमच्या आडनावाचे एकजण सगळं विचारून गेले. फी किती, नंतर काय मिळतं, मुलाची पाठ दुखते तर जमेल का. कोण असेल गं?"

"केस कसे होते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो चमकला. "पांढरे म्हणाला. खूप दमलेले वाटत होते."

तुम्ही गेलात तेव्हा तुमचे केस काळेभोर होते.

मी चहा टाकायला आत गेले. इतक्या ठिकाणी गेलात. अनोळखी माणसांकडे पाणी प्यालात. घरी मात्र एकदाही आला नाहीत. माझ्या त्या एका वाक्यासाठी इतकी वर्षं हिंडताय का हो? म्हातारे झालात हिंडून हिंडून.

आता ऐका. उद्या संदीपबरोबर अंबडला मी जाणार आहे. सगळं मीच विचारीन, बारीकसारीक, तुमच्यासारखं. पुढे नातवाचं काही ठरवायचं असेल तेव्हाही मीच जाईन, पाय चालतात तोवर. हा माझा शब्द आहे. तुम्ही आता कुठे जाऊ नका. बसा.

तुमची,
कमल