पाण्याची राखण

निशातगंज, लखनौ
१२ ऑक्टोबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कांचन सासरी रुळली हे वाचून बरं वाटलं. लेक गेल्यावर वहिनींना घर मोठं वाटत असेल.

आमच्या कॉलेजचा पोहण्याचा तलाव काल बंद झाला. शेवटच्या दिवशी मुलींनी इतका दंगा केला की प्रिन्सिपलबाई खिडकीतून डोकावल्या. आता मार्चपर्यंत शुकशुकाट. पाणी मात्र काढायचं नसतं, त्याची राखण माझ्याकडे. तलाव रिकामा राहिला तर तळाच्या फरश्या तडकतात. आधी संध्याकाळी ब्लीचिंग पावडरचं पाणी सोडायचं, कारण उन्हात क्लोरीन उडून जातो. मग परीक्षानळीत तलावाचं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचा थेंब टाकून बघायचं. रंग जितका गडद पिवळा, तितका क्लोरीन जास्त. तो उतरला की शेवाळ धरू नये म्हणून थोडं मोरचूद. दोन्ही एकदम घातलं तर फरश्यांवर डाग पडतात.

थंडीभर रोज पाणी बघावं लागतं, त्यामुळे दिवाळीला येणं जमणार नाही. माझ्या वाटणीच्या चकल्या तुला देऊ नयेत असं वहिनींना सांग. तुझं पोट मला इथून दिसतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
नीला

अमरावती
२१ ऑक्टोबर १९७८

चि. नीलास,
अनेक आशीर्वाद.

माझं पोट राहू दे, तुझं सांग. आई गेल्यावर तू एकदाच आलीस. गेल्या दिवाळीलाही तलावच आडवा आला. रोज बघावं लागतं असं हे कसलं पाणी? आपल्या विहिरीत वर्षभर कुणी डोकावत नाही, तरी तिचं काही बिघडत नाही.

तुझी वहिनी म्हणते, पाणी हे निमित्त आहे, वन्संना आपल्याकडे करमत नाही. मी तिला गप्प केलं. पण मलाही तसंच वाटायला लागलं आहे. खरं काय ते लिही. रागावणार नाही.

तब्येतीला जप.
तुझा,
बाळकृष्णदादा

निशातगंज, लखनौ
९ नोव्हेंबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. घाबरू नकोस, आता मी बरी आहे.

दिवाळीच्या आधी तलावाच्या कडा ॲसिडने घासून घेतल्या. आमचा चौकीदार रामसजीवन चहा आणायला गेला होता. मी पंपघरात घाईघाईने, बादली न विसळता, तिच्यातच ब्लीचिंग पावडर ओतली. तळाशी ॲसिड होतं. हिरवट धूर उठला आणि छातीत तापलेली वाळू भरल्यासारखं झालं. पंपघरातून कशीबशी बाहेर आले आणि गवतावर पडले.

रामसजीवनने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या बाबूने विचारलं की घरचं कोण आहे. मला बोलता येत नव्हतं. रामसजीवनच पुढे झाला आणि म्हणाला की हम हैं, भाई लिखिए. बाबूने भाऊ म्हणून त्याचं नाव लिहिलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

दिवाळीला खोलीवर पडून होते. घरमालकिणीने जिन्यात एक पणती ठेवली होती. ती विझलेली दिसली, पण उठून लावण्याचं त्राण नव्हतं.

तू खरं विचारलंस. तलाव नीट बंद केला की आठवड्यातून एकदा पाणी बघितलं तरी पुरतं. रामसजीवनही बघेल. पण आई होती तेव्हा माझी ट्रंक तिच्या खाटेखाली जायची. नंतर आले तेव्हा ती कुठे ठेवू, हे मला कुणाला विचारता आलं नाही. वहिनी ठेवणीतली चादर काढतात, दोन-दोन भाज्या करतात, आणि मी पाहुण्यासारखी बसून राहते. त्यापेक्षा इथे एकटी बरी, असं वाटायचं. आता तसंही वाटत नाही.

रागावणार नाहीस ना?
तुझी,
नीला

अमरावती
१७ नोव्हेंबर १९७८

प्रिय नीलावन्सं,
स. न. वि. वि.

पत्र वाचून हे अंगणात जाऊन बसले, ते जेवायलाही आले नाहीत. म्हणून मीच लिहिते.

लखनौला राहणाऱ्या नणंदेला आपलं घर गबाळं वाटेल या धास्तीने मी ती चादर काढायची. हसू नका. कांचन गेल्यापासून दुपारी हे वाचनालयात आणि मी एकटी रेडिओशी भांडत बसते. मला पाहुणी नको, सोबत हवी आहे. आलात की भाजी तुम्ही चिरायची. माझं काही खटकलं तर तोंडावर सांगायचं, मीही सांगेन.

हे तुम्हाला घ्यायला निघतो म्हणतात. रामसजीवनभैयांना आमचा दोघांचा नमस्कार सांगा.

वाट पाहते.
तुमची,
सुचित्रावहिनी

लखनौ
२४ नोव्हेंबर १९७८

ती. दादा व सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा, एवढ्या थंडीत तू येऊ नकोस. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले आहेत. पुढच्या रविवारी, तीन डिसेंबरला, मी निघते. मार्चमध्ये तलाव उघडायला परत यावं लागेल, ते मात्र खरं.

गाडी बडनेऱ्याला पोचेल तेव्हा तुम्ही दोघंही प्लॅटफॉर्मवर या. सामान फार नाही, माझं मला उचलता येईल. पण खिडकीतून बघताना आपलं कुणी उभं दिसावं, एवढं वाटतं.

तुमची,
नीला