पूर्ण गोष्ट सांगण्याच्या अटीवर

मी, रुपराव शालिकराम गजभिये, वय एकोणसाठ, धर्म बौद्ध, सैन्याच्या वैद्यकीय दलातून आणि नंतर रुग्णालयाच्या नोकरीतून निवृत्त, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय थकले आहे असे डॉक्टर अरुंधती पाटणकर म्हणतात. डोके थकलेले नाही, हेही त्यांनीच तपासून लेखी दिले आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. माझे मित्र दत्तोपंत अलोणी, निवृत्त शिक्षक, एवढेच विचारतात की मृत्युपत्र लिहिता आहात की आत्मचरित्र. त्यांना विचारू द्यावे.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे कोणी पुढे आणल्यास ते खोटे समजावे.

२. नंदनवन येथील घर मी स्वतःच्या कमाईतून बांधले. ते माझ्यामागे माझी एकुलती मुलगी प्रेमिला हिच्या पूर्ण मालकीचे होईल. जावई गोविंदराव कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला आहेत व तिथल्या वसाहतीत दोघे राहतात, म्हणून घर रिकामेच पडेल, असे माझा चुलत भाऊ दादाजी याने सुचवले आहे. मुलीपेक्षा पुतण्याच्या, म्हणजे त्याच्या मुलाच्या, नावे केलेले बरे, असेही सुचवले आहे. त्याने याउपर सुचवू नये.

३. स्वयंपाकघरातील सर्व भांडी, आणि विशेष करून लोखंडी तवा, प्रेमिलाला द्यावा. हा तवा तिच्या आईचा, म्हणजे माझी दिवंगत पत्नी जयवंता हिचा. १९६६ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा तांबडा गहू येत असे. प्रेमिला तेव्हा कॉलेजात नुकतीच गेली होती. व्हिएतनामात बॉम्ब टाकणाऱ्यांचा गहू मी खाणार नाही, म्हणाली. मी म्हणालो, मग उपाशी राहा. जयवंता चुलीपुढून उठलीही नाही. ती म्हणाली, "गहू कोनाचा हाये ते पोटाले नाही समजत वं. पन तुले समजते ना, मंग तू भाकर खाय." तेव्हापासून त्या वर्षभर आमच्या घरात एकाच तव्यावर आधी ज्वारीची भाकर होई आणि मग गव्हाची पोळी. बाप आणि लेक एकमेकांकडे पाठ करून जेवत. वाढणारी दोघांनाही सारखेच वाढी. तिच्या वाट्याला काय उरे, हे आम्ही दोघांनीही पाहिले नाही. तिचे ऋण फेडण्याचे कलम कोणत्याही कायद्यात नसावे.

४. पेटीतील हिरवे लष्करी ब्लँकेटही प्रेमिलाला द्यावे. ते कुठून आले, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी आपल्या सोयीने सांगणार नाही.

१९५० च्या हिवाळ्यात आमचे भारतीय वैद्यकीय पथक कोरियाच्या युद्धात उतरले. उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेवर चाल केली होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अमेरिका व इतर देश लढत होते. आपल्या देशाने बंदुका पाठवल्या नाहीत, स्ट्रेचर पाठवले. मी त्या पथकात नर्सिंग ऑर्डर्ली होतो.

पुढच्या वर्षी थंडी ओसरत असताना एक म्हातारा आपल्या नातीला पाठीवर घेऊन आमच्या तंबूत आला. त्यांच्या गावावर अमेरिकी विमानांनी नापाम, म्हणजे जळती जेली, टाकली होती. गावात शत्रूचे सैनिक लपले आहेत असा समज होता. ते आदल्याच दिवशी निघून गेले होते. मुलगी सहा-सात वर्षांची असेल. पाठ आणि उजवा हात भाजला होता. ती रडत नव्हती, आणि तेच आम्हाला जास्त भीतीचे वाटले. आमच्याजवळ सलाईन होते, मलम होते. तिला लागणारी शस्त्रक्रिया आमच्या तंबूत होण्यासारखी नव्हती.

तेवढ्यात एक अमेरिकी ट्रकवाला रस्ता विचारायला थांबला. त्याने आत डोकावून पाहिले आणि रस्ता विचारायचे विसरला. सीटवरचे ब्लँकेट काढून त्याने तिच्याखाली अंथरले. ट्रकच्या मागे मी तिच्याजवळ सलाईनची बाटली धरून बसलो. त्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले आहेत अशी बातमी होती. तरी त्याने गाडी घातली, कारण दुसरा रस्ता लांबचा होता. त्यांच्या दवाखान्यात डॉक्टरने तिला ताबडतोब टेबलावर घेतले. बाहेर आल्यावर त्याने मला विचारले, विमान कोणाचे होते. मी सांगितले, तुमचे. तो पुन्हा हात धुवायला गेला.

मुलगी वाचली. पुढे एकदा मी तिला पाहिले तेव्हा ती डाव्या हाताने भात खात होती. ब्लँकेट परत द्यायला गेलो, तर ट्रकवाल्याने ते माझ्याच खांद्यावर टाकले. त्याचे नाव विचारायचे राहिले. या मृत्युपत्रातील पहिले आभार त्या निनावी माणसाला.

५. नागपूरला आल्यावर ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली, आणि प्रत्येकाने तिची फाळणी केली. अमेरिका आवडणारे ट्रकपासून सुरू करीत. न आवडणारे तंबूपाशी थांबत.

१९६८ साली आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता, व्हिएतनाममधील अमेरिकेचे युद्ध समर्थनीय आहे काय. प्रेमिला विरोधात बोलत होती, आणि फार चांगली बोलत होती. मी मागच्या रांगेत होतो. शेवटी तिने म्हाताऱ्याची नात मांडली. विमान सांगितले, जेली सांगितली, पाठ सांगितली. तिथेच तिने भाषण संपवले. मी उभा राहून म्हणालो, "या गोष्टीचा अर्धा भाग बाकी आहे." लोक वळून पाहू लागले. प्रेमिला मंचावरून उतरली आणि तडक बाहेर गेली. बक्षीस दुसऱ्याला मिळाले.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, भरल्या सभेत तुमी काहून उभे राहिले?"

मी म्हणालो, "तुह्या गोष्टीत ते पोरगी तंबूतच राहून गेली वं. तिले दवाखान्यात न्यायाचं होतं."

"मी खोटं काही नाही बोलली."

"खोटं नाही बोलली. अर्धं बोलली."

"तिकडे रोज पोरं जळून राहिले, बाबा. अन् तुमी ट्रकवाल्याचे गुन गाऊन राहिले."

या वाक्याचे उत्तर माझ्याजवळ आजही पूर्ण नाही. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी कामापुरतेच बोलली.

त्या स्पर्धेचे एक परीक्षक दत्तोपंत अलोणी. दुसऱ्या सकाळी ते महालातून सायकल हाणत आमच्या इमामवाड्यातील खोलीवर आले आणि दारातच म्हणाले, "उरलेला अर्धा भाग ऐकायला आलो आहे." त्या काळी त्यांच्या ब्राह्मण आळीतला माणूस आमच्या बौद्ध वस्तीत येऊन चहा पिणे ही साधी गोष्ट नव्हती. दत्तोपंतांनी चहा घेतला, गोष्ट ऐकली, दुसरा चहा मागितला, आणि मग अमेरिकेने व्हिएतनामात जायलाच हवे होते, हे मला पटवायला बसले. अजून पटवत आहेत.

६. डिसेंबर १९७१. पूर्व बंगालात आपले सैन्य लढत होते आणि अमेरिकेचे सातवे आरमार पाकिस्तानच्या मदतीला बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली. वस्तीतील लोक चौकात जमले. जाळायला अमेरिकेचा बाहुला तयार झाला. आमच्या वाचनालयाचे चिटणीस आनंदराव वासनिक यांनी मला पूर्वीच अमेरिकेचा दलाल ठरवून वाचनालयातून काढले होते. ते घोळका घेऊन माझ्या दाराशी आले. म्हणाले, "रुपराव, आना गा तो ब्लँकेट. आज बाहुल्यासंग जाळून टाकू."

मी उठणार तोच प्रेमिला पुढे झाली. ती तेव्हा कॉलेजात शिकवू लागली होती. उंबरठ्यावर उभी राहून म्हणाली, "ब्लँकेट भेटन. पहिले तो कोनाचा हाये ते ऐका." आणि तिने गोष्ट सांगितली. विमान सांगितले, जेली सांगितली, म्हातारा सांगितला. मी आत उभा होतो. ती थांबली नाही. ट्रक सांगितला, सुरुंगाचा रस्ता सांगितला, डॉक्टरचे हात धुणे सांगितले, डाव्या हाताचा भात सांगितला.

मग म्हणाली, "विमानाले शिव्या देताना ट्रक नाही लपवाचा, अन् ट्रकचे उपकार सांगताना विमान नाही लपवाचं. हे मी माह्या बापापासून शिकली, अन् लय रागानं शिकली. ते आरमार वापस गेलं पायजे, हे माहंही म्हननं हाये अन् त्याईचंही हाये. त्यासाठी ब्लँकेट जाळाची काय गरज?"

आनंदराव लोकांना घेऊन चौकात परत गेले. बाहुला जळला, ब्लँकेट राहिले. जयवंता स्वयंपाकघरात डोळे पुशीत होती. विचारले तर म्हणाली, धूर झाला. चूल पेटलेली नव्हती.

संध्याकाळी दत्तोपंत आले. चहा घेतला. नंतर म्हणाले, "रुपराव, मी तुम्हाला सांगत आलो की ते दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी जातात. आज ते कोणासाठी निघालेत, हे मला सांगता येत नाही." हे कबूल करायला त्यांना किती जड गेले असेल, ते मला ठाऊक आहे. म्हणून त्यांच्याविषयीचा आदर इथे नोंदवतो.

७. माझे मत लोक विचारतात, म्हणून एकदाच लिहितो. कोरियात धावून जाणे योग्य होते असे मी तेव्हा मानले, आजही मानतो. पण तिथे गावे जाळण्याला त्या योग्यपणाने माफी मिळत नाही. व्हिएतनामात जाणे अयोग्य होते, कारण ज्यांना वाचवायला गेले असे सांगत, तेच त्यांना पाहून पळत होते. आपणही १९७१ साली सीमा ओलांडली. ते मी योग्य मानतो. कोटीभर माणसे आपल्या दारात आली होती, आणि काम होताच आपले सैन्य परत आले. हे आपले म्हणून सोपे वाटते काय, असे प्रेमिलाने मला विचारले आहे. वाटत असेल. म्हणून या कलमावर वाद चालू ठेवावा.

८. माझा रेडिओ आनंदराव वासनिक यांना द्यावा. त्यावर मॉस्को आणि वॉशिंग्टन दोन्ही स्पष्ट लागतात. गेल्या डिसेंबरात रशियाचे रणगाडे अफगाणिस्तानात गेले, तेव्हा आजवर रशियाची बाजू घेणारे आनंदराव बरेच दिवस चौकात दिसले नाहीत. मग एका सकाळी स्वतःहून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आता मी काय सांगू गा लोकाईले?" मी त्यांना चहा दिला. दलाल म्हटल्याचा राग माझ्या मनात होता. तो त्या कपाबरोबर संपला. रेडिओ देताना त्यांना कोणी टोमणा मारू नये. तो अधिकार फक्त माझा होता, आणि मी तो वापरला नाही.

९. ड्रेसिंगची कात्री, चिमटे व ट्रे माझ्या वॉर्डातील परिचारिका पुष्पलता रामटेके हिला द्यावेत. जळालेल्या रुग्णाची पट्टी ती ओली करून सावकाश सोडवते; घाई करीत नाही. पोस्टातील बचत प्रेमिलाची. त्यातून तिने पुष्पलताच्या वॉर्डाला दर हिवाळ्यात काही ब्लँकेटे द्यावीत, अशी इच्छा आहे, सक्ती नाही.

१०. दत्तोपंतांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांनी सांगितले. त्यांना देण्याजोगा विरोध मी हयातीत भरपूर दिला आहे.

११. घराची पुढची खोली प्रेमिलाने रविवारी सकाळी पूर्वीसारखी उघडी ठेवावी. कोणीही यावे, कोणत्याही देशाच्या सैन्याविषयी बोलावे. तिथला नियम तिनेच घातला आहे: आधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल असे सांगायचे, मग आपले. चहा घरातून. गोविंदरावांनी या कामी आजवर साखर कमी पडू दिलेली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

१२. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात करावा. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या त्या सकाळी मी, जयवंता आणि तिचे बोट धरलेली प्रेमिला लाखो लोकांत उभे होतो. ज्याला विहिरीवर पाणी मिळत नसे, त्याला पुढे जगातल्या युद्धांवर मत विचारायला लोक सायकल हाणत आले, हे त्या सकाळचे देणे आहे. शोकसभा घेतलीच, तर पहिले बोलण्याचा मान माझ्याशी न पटणाऱ्याला द्यावा. माझी कोणाविरुद्ध तक्रार राहिलेली नाही. दादाजीविरुद्धची कलम दोनमध्ये संपली.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रेमिलाने करावी. वरील सर्व मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि तो माझाच आहे म्हणून खाली सही करीत आहे.

नागपूर, ता. १० फेब्रुवारी १९८०

(सही) रुपराव शालिकराम गजभिये

साक्षीदार :

१. (सही) डॉ. अरुंधती पाटणकर. सही करणाऱ्याची प्रकृती मी तपासली. नाडी कलम सात वाचताना वाढली, बाकी ठीक.

२. (सही) दत्तोपंत अलोणी. कलम सातमधील व्हिएतनामविषयीचा मजकूर मला मान्य नाही. सही माझ्यासमोर झाली, तेवढ्यापुरता मी साक्षीदार. मान्य नसलेले सविस्तर रविवारी सांगेन. तोवर यांनी कुठे जाऊ नये.