साडेआठ किलो

वारजे, पुणे
१६ मे २००५

प्रिय निकिता,

तुझी पुण्याला बदली झाली हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी लगेच बरं झालं म्हणालो. बरंच झालं. हैदराबादला तुम्ही दोघं कंपनीत आणि आमू शेजारणीच्या भरवशावर, हे तुझी आई असती तर तिला पटलं नसतं. जुलैपासून आमू दिवसभर माझ्याकडे राहील, हेही मीच म्हणालो. तुला विचारावं लागलं नाही.

डावा गुडघा थोडा मुरगळलाय असं मी तुला सांगितलं होतं. ते खरं नाही. जानेवारीत हायवेच्या पुलाखाली एक स्कूटर आडवी आली. सायकल पडली, पाय तिच्यात अडकला आणि मी दुसरीकडे फिरलो. आत काहीतरी तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, लिगामेंट फाटलंय, ऑपरेशन करा. या वयात जरुरी आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "गुडघाही तुमच्याच वयाचा आहे, काका. त्याला वेगळी सवलत नाही." आमू तेव्हा सहा महिन्यांची होती. ऑपरेशन म्हटलं असतं तर तू तिला घेऊन धावत आली असतीस. मी व्यायाम करतो म्हणालो.

दुखण्याची भीती वाटत नाही. दुखणं सांगून येतं. हा गुडघा निसटतो. सपाट रस्त्यावर चालताना आत काहीतरी सरकतं आणि क्षणभर मला तो पायच नसतो. मग परत येतो. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर नाही. ज्या दिवशी होत नाही तो दिवस जास्त वाईट जातो. ओटा, फ्रिज, दाराची चौकट, घरात कुठे काय धरता येतं ते मला पाठ झालंय. आंघोळीला जाताना कडी लावत नाही. परवा मंडळाच्या बैठकीला गेलो नाही, कारण सगळे खाली सतरंजीवर बसतात. निरोप पाठवला की पाहुणे आलेत.

एकतीस वर्षं मी पेठेत टपाल वाटलं. रोज किती जिने, मोजले नाहीत. कठडा कधी धरला नाही. डाव्या हातावर गठ्ठा, उजव्या हाताने पुढचं पत्र वर काढायचं, नजर पत्त्यावर. पाय आपले आपण चढायचे. ती सवय गेलेली नाही. जिना आला की माझे हात कशात तरी गुंतलेले असतात.

गेल्या महिन्यात मी भैरूच्या गिरणीवरून गहू दळून आणले. बरोबर साडेआठ किलो. भैरू म्हणाला, "साडेआठ काय काढलंत, पोस्टमन? नऊ करा की." मी नाही म्हणालो. तो पिठाचा डबा कडेवर घेऊन रोज सकाळी तीन मजले उतरायचो, परत चढायचो. तळमजल्यावरचे वैजनाथ गॅलरीत पेपर वाचत बसतात. चौथ्या दिवशी त्यांनी पेपर खाली केला. "घरात माणूस एक, आणि रोज दळण? की पीठ फिरायला नेता?" मी हसलो. तेरा दिवस गुडघा निसटला नाही. मी कॅलेंडरवर खुणा केल्या. जुलैचं तुला बोललो ते तेराव्या दिवशी.

चौदाव्या दिवशी उतरताना, शेवटच्या वळणावर, तो निसटला. दोन्ही हात डब्याभोवती होते. मला वाटायचं, तशी वेळ आली तर माणूस हातातलं आणखी घट्ट धरेल. तसं होत नाही. माझे हात कठड्याकडे गेले. दोन्ही. मला खरचटलंसुद्धा नाही. डबा एकेका पायरीवर आपटत खाली गेला आणि वैजनाथांच्या दाराशी थांबला. ते बाहेर आले. "पोळ्या आता जिन्यातच लाटायच्या का?" म्हणाले. मग त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, आत गेले आणि झाडू घेऊन आले. त्यांनी सगळं झाडून काढेपर्यंत मी पायरीवर बसून होतो.

एप्रिलमध्ये लस दिली तेव्हा आमूचं वजन साडेआठ किलो भरलं, असं तू कौतुकाने सांगितलं होतंस.

रविवारी तुझा फोन येईल. गुडघा कसा आहे विचारशील, मी ठीक म्हणेन. आमू पलीकडून काहीतरी आवाज करेल आणि मग तू जे विचारशील त्याला मी हो म्हणेन. म्हणून आज लिहून टाकतो. तिला माझ्याकडे ठेवू नकोस. कोथरूडला तुम्ही घर बघताय त्या बाजूला एक पाळणाघर आहे, तळमजल्यावर. मी जाऊन पाहून आलो. बाई कडक आहेत, पण जमीन कोरडी होती. माझ्याकडे संध्याकाळी आण तिला. मी आधीच खुर्चीत बसलेला असेन. तू तिला माझ्या उजव्या मांडीवर ठेव, आणि तिथून हलू नकोस.

अभयरावांना जयभीम.

तुझाच,
बाबा