अर्धा म्हणजे एक माणूस

प्रिय आत्या,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. तरी लिहितेय. कारण आज संध्याकाळी जे घडलं ते मी सांगू कुणाला? दादांना, तुझ्या भावाला, सांगायला गेले तर ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतील. तुझं नाव निघालं की अजून तेच करतात.

वर्गापासूनच सुरू करते. तुला तशीच सवय होती.

या आठवड्यात तिसरीला अपूर्णांक घेतले. मोडून दाखवायला घरून भाकरी नेली होती. मोडायच्या आधी सहज विचारलं, अर्धा म्हणजे किती? कावेरी नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे, चुणचुणीत, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी. ती उभी राहिली आणि म्हणाली, "अर्धा म्हंजे एक माणूस." वर्गात कुणी हसलं नाही. हसणार कोण? निम्म्या पोरांचे आईबाप याच महिन्यात ऊसतोडीला निघायचे आहेत. मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाचच तारीख पुसून पुन्हा लिहिली.

आत्या, हेच उत्तर तू मला शिकवलं होतंस. आठवतं तुला?

तेव्हा मीही तिसरीतच होते. दिवाळी झाली की आई आणि दादा टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे आणि मी तुझ्यापाशी राहायचे. नवऱ्यानं टाकलं म्हणून तू माहेरी आलेलीस. गावाला वाटायचं, भावाच्या जिवावर बसून खाते. मला मात्र पक्कं माहीत होतं, तू आहेस म्हणून मी शाळेत आहे. माझ्या बरोबरीच्या पोरी फडावर जायच्या, आई ऊस तोडत असताना पाचटात धाकट्या भावंडांना सांभाळायच्या. उन्हाळ्यात परत यायच्या तेव्हा त्यांना बाराखडीसुद्धा अनोळखी झालेली असायची.

तुझी एक रीत होती. पहिली भाकरी तव्यावर पडली की विचारायचीस, आज बाईनं काय शिकवलं? मी "काही नाही" म्हणाले तर तुझे हात थांबायचे. "मग बाई दिसभर भिताडाकडं बघत बसली व्हती का?" सगळं सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. कविता झाली असेल तर कविता, पाढा झाला असेल तर पाढा. आणि तुझ्या त्या शंका! गांडुळाला डोळे नसतात असं सांगितलं, तर तुझा प्रश्न असा की मग त्याला बायको सापडते कशी? मी भोळेपणानं दुसऱ्या दिवशी तो वर्गात विचारला. बाईंना इतकं हसू आलं की त्यांनी खुर्ची ओढून घेतली. तेव्हापासून हजेरी झाली की त्या माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, काय गं, आज आत्याचं काय? एखाद्या दिवशी तुझी शंका नसली तर मी वाटेत एखादी तयार करायचे. तुझं नाव खाली जाऊ नये म्हणून.

खरं सांगू? मला अभ्यास आवडायचा की तो तुला सांगणं आवडायचं, ते मला अजून कळलेलं नाही. डी.एड.ला पालकांच्या सहभागावर मोठा प्रश्न आला होता. मी पानंच्या पानं तुझंच लिहिलं, फक्त चुलीचं नाव काढून टाकलं.

बाईंनी अर्धा शिकवला त्या दिवशी मी सांगताना अडखळले. तू म्हणालीस, एवढं काय अवघड आहे त्यात? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम तसंच धरतो. एकटा गडी आला किंवा एकटी बाई आली तर तो अर्धा कोयता. मग अर्धा म्हणजे एक माणूस, झालं! मी दुसऱ्या दिवशी ऐटीत उभी राहून तेच सांगितलं. बाई परगावच्या. त्यांना काही उमगेना. त्या म्हणाल्या, चूक. आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, बरोबर हाय बाई.

शाळा सुटल्यावर त्या विचारायला घरी आल्या, तर तुझी कोण तारांबळ! त्यांना कुठं बसवू, चहा कशात देऊ. आणि कोयत्याचं सगळं त्यांना सांगून झाल्यावर तू एकदम रडवेली झालीस. माझ्यामुळं पोरीचं चुकलं, आता मी तिच्या अभ्यासात तोंड घालायची नाही, म्हणालीस. बाईंनी तुझा हात धरला. तुम्ही शिकवू नका, पण विचारायचं थांबवू नका, एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांच्यादेखत मी भाकरी मोडून तुला खरा अर्धा दाखवला. तू दोन्ही तुकडे हातात घेऊन बघत राहिलीस.

"म्हंजे मी अर्धीच की गं मग," तू म्हणालीस.

मला वाटलं तू चेष्टा करतेस. मी हसले. बाई हसल्या नाहीत.

पुढच्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नाही. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली. शाळेच्या हापशातून नुसती हवा यायची, आणि टँकर आला की बाई वर्ग सोडून द्यायच्या, कारण प्रत्येकाच्या घरची घागर रांगेत असायची. त्यातच कावीळ होऊन आई गेली. दिवाळीच्या तोंडावर दादा अर्धे झाले.

आपल्याकडच्या कारखान्यांना त्या साली गाळायला ऊस नव्हता. टोळी पार कर्नाटकाच्या हद्दीवर जाणार होती, आणि इतक्या लांब मुकादमाला अर्धा कोयता नको होता. तो घरी आला. चहा पिता पिता त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, पोरगी मोळी उचलायसारखी झाली की. दादा खाली बघत होते. ते हो म्हणाले नाहीत, आणि नाहीही म्हणाले नाहीत.

तू पिठाच्या हातानंच बाहेर आलीस.

"पोरगी शाळंत जाईल. मी हाय की. आमी दोघं भाऊ-बहीण मिळून एक धरा."

बहीण-भावाचा कोयता! गावानं तोंडाला पदर लावून हसून घेतलं. तू गोधडी, तवा आणि परात बांधलीस. मला शेजारच्या शांताकाकूंच्या स्वाधीन केलंस, आणि रोज संध्याकाळी हिला विचारत जा बरं का, असं त्यांना बजावून ट्रकमध्ये चढलीस. शांताकाकू बिचाऱ्या विचारायच्याही. पण त्यांना एकही शंका यायची नाही गं!

बाजाराच्या दिवशी मी वाण्याच्या दुकानात फोनजवळ जाऊन बसायचे. तुझा आवाज आला की पहिला प्रश्न ठरलेला. मी श्वास न घेता आठवड्याचं सगळं सांगून टाकायचे. तू नुसती हं, हं करायचीस. तुझ्या शंका तिकडेच कुठेतरी संपल्या होत्या. मी विचारायचे, आत्या, तू कशी आहेस? "मी लई झ्याक हाय," तू म्हणायचीस, आणि मागून कुणीतरी हाक मारली की फोन ठेवायचीस.

आत्या, राग मानू नकोस, पण तू माझ्याशी खोटं बोललीस. दर हंगामाला बोललीस. परत आलीस की पोटाशी उशी धरून बसायचीस. विचारलं की वात आहे म्हणायचीस. भांडं घासताना मध्येच थांबून भिंतीला टेकायचीस, आणि मी दिसले की पुन्हा घासायला लागायचीस. मला तू माझी शाळा खोदून खोदून विचारलीस, आणि स्वतःचं काही विचारू दिलं नाहीस. हा कुठला न्याय?

मी डी.एड. झाले, नोकरीची ऑर्डर हातात पडली. आता पुरे, म्हणाले तुला. तू म्हणालीस, दादानं औंदा मुकादमाला शब्द दिलाय, मी नाही गेले तर तो अर्धा राहील. आणि गेलीस! हंगाम संपायच्या आत तुला जीपमध्ये आडवी घालून आणलं. गेवराईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलंय म्हणाले, आणि आमच्याकडे बघून विचारलं, इतके दिवस काय करत होतात? दादा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"कावून सांगितलं न्हाईस?" मी तुला विचारलं. बाई झाले होते, प्रमाणभाषा शिकवत होते, पण त्या दिवशी तोंडातून आपलीच बोली आली.

"सांगितलं असतं, तर तू साळा सोडून आली असतीस."

खरंच आले असते. तू पाऊस पडायच्या आत गेलीस. त्यानंतर किती दिवस मी शाळेतून घरी यायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी राहायचे. सांगायला सगळं असायचं. विचारायला कुणी नसायचं.

आता आजचं सांगते. शाळा सुटल्यावर मी कावेरीच्या घरी गेले. तलवाड्याच्या वाटेवर त्यांची वस्ती आहे. तिची आई मागच्या हंगामात उसाच्या ट्रकवरून उतरताना पडली, तेव्हापासून तिला धड उभं राहता येत नाही. म्हणजे बाप अर्धा. तो कावेरीला घेऊन निघालाय, असं मला वर्गातल्या पोरांकडून कळलं होतं.

पालकसभेत जे बोलते तेच मी तिथं बोलले. मूल फडावर नेऊ नका. घरचं कुणीतरी मागं ठेवा. रोज संध्याकाळी जवळ बसवून विचारा, आज काय शिकवलं. आणि नेहमीसारखं तुझं उदाहरण दिलं: माझी आत्या मागं राहिली, म्हणून मी आज बाई आहे.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, माघारी ऱ्हायला पोरीची आई हायेच की. ती बिचारी आता कुठं जाती? पर तिच्या जागी कोन जाईल, तेवढं सांगा."

तू मागं राहिलीस, हे मी सगळीकडे सांगते. तू गेलीस, हे कुठल्याच सभेत सांगवत नाही.

तेवढ्यात आतून एक बाई आली. सुमन तिचं नाव, कावेरीच्या बापाची बहीण. नवरा वारल्यावर इथेच राहते. वयानं माझ्यापेक्षा लहान असेल. पदराला हात पुसत म्हणाली, "मी जाते की दादासंगं. कावेरीला शाळंत ऱ्हाऊ द्या."

बापाचा चेहरा सैल झाला. कावेरीनं आत्याच्या कमरेला मिठी मारली. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, बाई आता खूश होतील म्हणून. आत्या, तिच्या पाया पडावं असंही वाटलं, आणि हाताला धरून तिला तिथून ओढत न्यावं असंही वाटलं. जाऊ नको म्हणाले तर तिसरीतली पोर मोळ्या उचलणार. जा म्हणाले तर कुणाला पाठवतेय ते मला माहीत आहे. माझ्या तोंडून एवढंच निघालं: "बरं."

अर्ध्या वाटेपर्यंत आले आणि मागे फिरले. सुमन हौदावर घागर भरत होती. टोळी कुठल्या गावाला उतरणार, कुठल्या कारखान्याला ऊस घालणार, ते तिला विचारून घेतलं. ती हसायला लागली. तुमाला कशाला हवं बाई, म्हणाली.

म्हणून तुला शब्द देते. कावेरीच्या आईला मी संध्याकाळी विचारायला शिकवीन, शंका काढायलाही शिकवीन. ते सोपं आहे. पण संक्रांतीच्या आधी मी रजा टाकून त्या फडावर जाणार आहे. फोनवर सुमन झ्याक हाय म्हणेल. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. तिच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, जाऊन बसेन, ती कशी उठते, कशी बसते ते माझ्या डोळ्यांनी बघेन, आणि तिचा हात एकदा जरी पोटाशी गेलेला दिसला तर तिला तशीच एसटीत घालून दवाखान्यात आणेन. मुकादम आरडाओरडा करील. तिचा भाऊ म्हणेल, बाई, मी अर्धा राहीन.

राहू दे अर्धा, आत्या. या वेळी राहू दे.

तुझी,
संगी