चुलीपर्यंत आणायची गोष्ट

३ एप्रिल

पोचलो एकदाचे! नागपूरहून सिवनीमार्गे येणाऱ्या बसमध्ये चिन्मयी दोनदा ओकली, मग माझ्या मांडीवर गाढ झोपली, आणि जबलपूर आल्यावर ताजीतवानी होऊन मलाच विचारू लागली, की आई, तू एवढी का दमलीस. वय सात, बोलणं सत्तरीचं.

घर महाराजपुरात, अधारतालच्या पुढच्या नव्या कॉलनीत आहे. गुळगुळीत फरशी, गच्चीवर काळी टाकी, वरची खोली आमची. घराच्या मालकीण इंदिराकाकू, वय अठ्ठ्याहत्तर. इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, त्यामुळे बोलता बोलता हिंदीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. त्यांचे यजमान चिंतामणी सर दोन वर्षांपूर्वी गेले. सरांना आयुष्यभर एकच नाद होता: जग कसं झालं याच्या जुन्या गोष्टी जमवायच्या. काही दूरदेशीच्या, काही मंडल्याकडच्या खेड्यांतल्या. अशा एकेचाळीस गोष्टी त्यांनी वह्यांमध्ये लिहून ठेवल्यात. त्या टाइप करून, तपासून पुस्तकाजोग्या करायच्या, हे माझं तीन महिन्यांचं काम. चिन्मयीला सुट्टीच आहे. अनुपमशी फारकत झाल्यापासून इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी आणि माझी पोरगी, एवढंच माझं कुटुंब, आणि आज ते भरपूर वाटतंय.

८ एप्रिल

दिवसाची घडी बसली. सकाळी टायपिंग, दुपारी कूलरसमोर लोळण, संध्याकाळी वाचन. मी संपादनात डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, मजकूर मोठ्यानं वाचते. चूक कानाला आधी टोचते. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांनाही ऐकायचंच असतं. त्या चहा ठेवतात, चिन्मयी ओट्याखाली फतकल मारून बसते आणि मी एक गोष्ट वाचते.

प्रत्येक गोष्टीचा शेवट मात्र काकू स्वतः म्हणतात, तोंडपाठ. मग ही जमीन, मग हे गाव, मग ही चूल. या चुलीपाशी इंदिरा, जिचे गुडघे दुखतात. या चुलीपाशी विनता, जी चहात साखर विसरते. या चुलीपाशी चिन्मयी, जिला भातावर वरण चालत नाही. यांची चूल म्हणजे लायटरने पेटणारी शेगडी, पण ते असो. मंडल्याकडच्या अंजनी नावाच्या म्हातारीनं सरांना बजावलं होतं म्हणे, की जग होण्याची गोष्ट अर्ध्यात सोडायची नाही. पाण्यापासून सुरू केली की आपल्या चुलीपर्यंत आणायची आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं. नाहीतर ऐकणारा तिथेच राहतो. चिन्मयीला हा प्रकार फार आवडतो. आपलं नाव आलं की ती हात वर करते.

१४ एप्रिल

सरांच्या टिपणांनी मला चांगलंच गुंतवलंय. त्यांचं म्हणणं असं, की सगळीकडे आधी पाणीच होतं. आकार नाही, तळ नाही, कुणाचं काही नाही. त्यापुढे मात्र दोन वाटा फुटतात. राजांच्या गोष्टीत एक वीर येतो, त्या पाण्याच्या राक्षसिणीला उभी चिरतो, तिच्या अंगाचं आभाळ आणि जमीन करतो आणि वर सिंहासन मांडतो. म्हणजे सत्ता कुणाची? ज्यानं कापलं त्याची. गरिबांच्या गोष्टीत कुणी कुणाला मारत नाही. कावळा जागा शोधत फिरतो, खेकडा तळाशी जातो, गांडुळाकडून मूठभर माती मागून आणतो. ती माती उसनी असते. सरांनी समासात लिहिलंय, की राजांना वाटतं पाणी मेलं. गरिबांना ठाऊक असतं, की ते वाट बघतंय.

हे वाचून मला हसू आलं, कारण कापणाऱ्यांच्या जातीतली तर मीही आहे. लाल खूण केली की माणसांची पानंच्या पानं उडतात.

२१ एप्रिल

आज मोठी कापाकापी केली. एकेचाळीसही गोष्टींना तोच आठ-दहा ओळींचा शेवट, फक्त नावं निराळी. वाचक पुस्तक भिंतीवर मारेल. पहिला ठेवला, उरलेले चाळीस उडवले. गोष्टी कशा सुटसुटीत झाल्या!

काकूंना सांगितलं, तर त्यांनी कप खाली ठेवला. काहून कापून राहिली बेटा, म्हणाल्या, तेच तर माणसाला घरी आणून सोडते. मी पुनरुक्ती वगैरे समजावलं. शेवटी म्हणाल्या, अच्छा, किताबातून काप, पण तोंडानं सांगशील तेव्हा पूर्ण सांग. मोठ्या माणसांना म्हणतात तसं मी हो म्हटलं.

२४ एप्रिल

काकू सिहोऱ्याला गेल्या, भाचीच्या, रुचिराच्या लग्नाला. बारा दिवस तिकडेच. गाडीत बसतानाही तेच बजावलं, की अर्ध्यात सोडू नको.

संध्याकाळी चिन्मयीला बारावी गोष्ट वाचून दाखवली. माझ्या नव्या प्रतीत ती छान ठिकाणी थांबते: सगळीकडे पाणी, आणि कावळा अजून उडतोच आहे. चिन्मयीनं विचारलं, मग चूल? माझं नाव? मी म्हटलं, ते आता नाही. ती हात अर्धवट वर धरून बसली होती. काम तुंबलं होतं, मी लॅपटॉप मिटला.

२७ एप्रिल

तीन दिवसांत सात गोष्टी वाचून झाल्या. उन्हानं बेचाळीस गाठलंय, लूचे गरम वारे वाहतायत, अंगणातली तुळस करपली. आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली ओल! कूलर गळत असेल म्हणून बाहेर काढला. ओल तेवढीच, चिन्मयी बसते तेवढ्याच जागेत.

तिच्या वेण्याही ओल्या असतात. नळीशी खेळतेस म्हणून रागावले. तिनं नाही म्हटलं. खोटं बोलते वाटून मी एक चापट मारली. गाल गार होता. ती रडली नाही, आणि मला मात्र दिवसभर तो हात कुठे ठेवावा कळेना.

३० एप्रिल

पनागरचा भाजीवाला रोज हातगाडी थांबवून चिन्मयीला एक काकडी देतो. आज भाजी मोजली आणि निघाला. मी म्हटलं, भैया, काकडी विसरलात. त्यानं विचारलं, किसके लिए, दीदी? ती माझी ओढणी धरून उभी होती. त्यानं माझ्या शेजारी पाहिलं, तिच्या अंगावरून रस्त्याकडे पाहिलं, आणि घाबरून मलाच एक काकडी दिली.

चिन्मयी हल्ली चुलीचं विचारत नाही. काहीच विचारत नाही.

२ मे

आईचा फोन आला. एकटीला करमतं का, म्हणाली. मी म्हटलं, एकटी कुठे, चिन्मयी आहे की. आईनं मग जपून विचारलं, ती कोण? काकूंची नात का?

मी हसले, मग ओरडले. जिच्या घरी ही जन्मली, जिनं हिला पहिली आंघोळ घातली, ती माझी आई माझ्यासाठीच रडायला लागली. तुला फार सोसावं लागलं गं, म्हणाली.

३ मे

काम बंद. तिला मांडीवरून खाली ठेवत नाही. अंग गार, ओलसर. तळहातावरच्या रेषा पुसट झाल्यात. वजन — रात्रभर धरून बसले, पायाला मुंग्यासुद्धा आल्या नाहीत.

पहाटे ती बोलली. भीती नाही वाटत आई, म्हणाली, फक्त तिथे उभं राहायला जागा नाही.

सरांच्या वह्या काढल्या. चाळीस गोष्टींचे शेवट, मी कापलेले तेच, पाण्यानं निळे होऊन पसरलेत. बाकीची पानं कोरडी.

मी केलं हे. मीच.

४ मे

काकू म्हणतात तो शेवट म्हणून पाहिला. काही झालं नाही. नुसता शेवट चालत नाही बहुतेक. सिहोऱ्याला फोन केला. काकू उद्याच निघतात. मुलगी कोणती ते त्यांनी विचारलं नाही. गोष्ट अर्धी सोडलीस ना, एवढंच विचारलं.

दुपारपासून ती दिसते, पण नीट पाहिलं तर —

५ मे

काकू आल्या. लग्नातले लाडू आणि माझ्यापुरतं एक ब्लाउजपीस. दोन ताटं घेतली. मी तिसरं मांडलं, तर माझ्याकडे बघत राहिल्या. ओट्याखाली नुसतं पाणी होतं.

ही रोजनिशी त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवली. हात त्या ओलीवर ठेवून त्यांनी ती ऐकली. मग म्हणाल्या, मला ती आठवून नाही राहिली बेटा, त्याचंच रडू येऊन राहिलंय. आणि खरंच रडल्या, जिला ओळखतही नाहीत तिच्यासाठी.

त्यांनी सांगितलं, आईनंच पाण्यापासून सगळं सांगायचं, मध्ये श्वासापुरतंही थांबायचं नाही. नाव आईच्या आतून यायला हवं, दुसऱ्यानं सांगून चालत नाही. पुन्हा मोडली तर त्या माणसासाठी गोष्ट परत उघडत नाही.

मी आत्ताच सांगते म्हटलं. तोंड उघडलं. शब्दच नाहीत, तोंडात नुसतं पाणी येतं.

६ मे

दोरीवर एक छोटा फ्रॉक वाळत होता. काकूंना विचारलं, आधी कुणी भाडेकरू होते का.

त्यांनी ही वही माझ्यापुढे ठेवली.

वाचली. अक्षर माझं. कुणी चिन्मयी आहे. सात वर्षांची. बसमध्ये ओकली. मी तिला मारलं. परीक्षेचं पाठ करावं तसं पाठ केलं. काहीच वाटलं नाही — हेच सगळ्यात वाईट, की मला काहीच वाटलं नाही.

तोंडानं सांगता येत नाही. हातानं येईल. आजवर हातच चालवला आहे मी. उद्या लिहून सांगेन, पेन न उचलता. नाव तळहातावर लिहून ठेवते.

७ मे, सकाळ

काकूंनी शेगडी पेटवलीय. समोर बसल्यात. म्हणाल्या, हात थांबवू नको.

आधी काहीच नव्हतं पाणी होतं त्याला काठ नव्हता तळ नव्हता कुणी कुणाचं नव्हतं. मी त्याला मारायला आलेली नाही मागायला आले आहे. कावळा उडाला त्याला बसायला जागा नव्हती. खेकडा खाली गेला, गांडुळाला म्हणाला मूठभर दे, गांडुळानं दिली — उसनी आहे, मला ठाऊक आहे उसनी आहे — ती माती पसरली, ती सुकली, तिच्यावर एक पाय उभा राहील एवढी झाली

मग ही जमीन. मग हे गाव. मग हे महाराजपुरातलं घर. मग ही चूल.

ओट्याखाली कुणीतरी बसलंय. वेणीतून थेंब पडतायत.

या चुलीपाशी इंदिरा, जी न आठवणाऱ्या पोरीसाठी रडली. या चुलीपाशी विनता, जिनं कापलं. या चुलीपाशी माझी मुलगी

आता आठवतंय, सगळं आठवतंय — माझी मुलगी, जी झोपेत पायाची बोटं माझ्या गुडघ्याखाली खुपसते, जी डाव्या हातानं सूर्य काढते आणि त्याला दात काढते, जिच्या मानेला दुपारी कणकेसारखा वास येतो, जिनं बाप घर सोडून गेला त्या दिवशी माझ्या ताटात आपली पोळी ठेवली, या चुलीपाशी माझी मुलगी, तिचं

तळहात ओला झालाय नुसता निळा डाग आहे — नाव मागच्या पानांवर आहे, उलटायला एक क्षण, तेवढा क्षण नाही — नाव ओठांतून निसटू नये म्हणून काकूंनी आपल्या तोंडात पदर कोंबलाय — या चुलीपाशी माझी मुलगी, जी आत्ता माझ्याकडे बघते आहे, जिनं हात वर केला आहे, या चुलीपाशी माझी मुलगी, माझी, तिचं नाव