सातव्या महिन्यातलं बीपी

४ जून

पाकीट फोडलं तर आत पत्र नाहीच, नुसता तक्ता. हिरवे-जांभळे चौकोन, आणि एकाही चौकोनात आजी कशी आहे म्हणून विचारलेलं नाही. चष्मा लावून पाऊण तास शोधलं.

चि. भिंगरीस, आजीचा आशीर्वाद, रागातला असला तरी खरा.

तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंयस, की औषधांच्या दुकानात शिकाऊ म्हणून उभं राहता राहता वर्षभर अभ्यास करायचा, मग मोठी परीक्षा, मग परवाना, आणि त्या वर्षाचा हा नकाशा. बरं केलंस. मी नकाशाशिवाय शिकले, म्हणून चौथीपर्यंतच. पण बारा महिन्यांत झोपेचा चौकोन सापडला नाही. जेवणाचा आहे, तोही ‘उजळणीसह’. तुझा बाप दहावीला असाच तक्ता करायचा. तक्ता फार सुरेख व्हायचा. बापाचं काय झालं ते तुला माहीतच आहे.

माझं ठीक. एप्रिलपासून तू पाठवतेस त्या बीपीच्या गोळ्या वेळेवर घेते. उठताना मात्र चक्कर येते. का येते तेवढं कळव. फोन करू नकोस, त्यात मला नुसता तुझा श्वास ऐकू येतो.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवायचा तर पत्र लिही.

आजी

१५ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

चुकले. तक्त्यात दोन रविवार गेले आणि पत्र राहून गेलं. झोप आहे गं, पिवळा चौकोन म्हणजे झोप.

चक्करेचं आत्ताच नेमकं सांगता येणार नाही, कारण बीपी माझ्याकडे सातव्या महिन्यात आहे. सध्या पोट घेतलंय. मध्येच बीपी उघडलं तर पुढचं सगळं सरकतं आणि मूत्रपिंड थेट परीक्षेच्या आदल्या दिवशी येतं. तोवर हळू उठत जा, पाणी पीत जा. पोटाचं काही असेल तर लगेच कळव.

रागावली असलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी भिंगरी

२४ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझ्या पोटाच्या महिन्यात मला पोटाचं काहीच होईना, त्याला माझा इलाज नाही. काल मोरीच्या दारावर कपाळ आपटलं. शेजारणीने उचलून बसवलं. सातवा महिना म्हणजे डिसेंबर, बोटांवर मोजून पाहिला. तोवर दारांना उशा बांधून घेते.

तुझ्या गोळ्या संपत आल्यात आणि आपल्या गल्लीतल्या डॉक्टरच्या जुन्या गोळ्याही. पुढच्या वेळी दोन्ही तूच पाठव, माझी खेप वाचेल. ओळखू यावं म्हणून दोन्ही पाकिटांवरची इंग्रजी अक्षरं खाली काढली आहेत. मला ती वाचता येत नाहीत, पण भरतकामाचा नमुना उतरवावा तशी एकेक उतरवली. आधी मोठी, मग त्याखालची बारीक, नुसत्या मुंग्या. मोठी वेगवेगळी आहेत. मुंग्या दोन्हीकडे सारख्याच, तरी दोनदा काढल्या. तुझ्यासारखा आळस मला जमत नाही.

टेंगूळ उतरतंय. लोभ अजून उतरलेला नाही.

आजी

२९ जून

ती. आजीस सा. न.

काल शेजारच्या काकूंच्या फोनवर सांगितलं तेच पुन्हा लिहिते. मी पाठवलेली गोळी बंद. डॉक्टरांनीच सांगितलंय. जुनी चालू ठेव.

मोठी अक्षरं म्हणजे कंपन्यांनी दिलेली नावं. मुंग्या म्हणजे आतलं औषध, आणि ते एकच आहे. तीन महिने तू दुप्पट घेत होतीस. एप्रिलमध्ये मोठ्या दवाखान्याची तुझी चिठ्ठी मीच दुकानात घेतली, मीच गोळ्या काढल्या, पाकिटावर छान अक्षरात ‘सकाळी एक’ लिहिलं. आणखी काय घेतेस, एवढं विचारलं नाही. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे ते. मी त्याखाली दोन रेघा मारल्यात.

दुकानातल्या मॅडमनी आवाज चढवला नाही. डॉक्टरांना फोन मलाच करायला लावला आणि शेजारी उभ्या राहिल्या.

परीक्षेची नावनोंदणी वीस जुलैपर्यंत आहे. मी करणार नाही. जी आजीला पाडते तिने परक्यांना औषध देऊ नये. बाबा म्हणतात, त्यांच्या छापखान्यात जागा आहे.

लोभ असावा असं कुठल्या तोंडाने लिहू?

भिंगरी

७ जुलै

टेंगूळ माझं आणि रडतेस तू. ही कुठली वाटणी?

चि. भिंगरीस आशीर्वाद. चक्कर गेली. आठवडाभर सरळ उठते आहे.

आता एक ऐक, आणि बापाला सांगू नकोस. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने मला विचारलं होतं, आधीचं काही औषध चालू आहे का. मी नाही म्हणाले. आधीचं सांगितलं की नवा डॉक्टर तेच पुढे चालवतो, मग तीन तास बाकावर बसले कशाला? तू विचारलं असतंस तर तुलाही नाहीच म्हणाले असते, तोंडावरची माशी हलू न देता. तेव्हा सगळी चूक एकटीच्या नावावर करून घेऊ नकोस. अर्धी माझी आहे आणि मी ती सोडणार नाही.

तू विचारलं नाहीस, ही चूकच. त्यात मी साखर घालणार नाही. पण आता जन्मात विसरायची नाहीस. तू छापखान्यात गेलीस की तुझ्या जागी दुसरी कोणी उभी राहील, जिने अजून कोणाचं कपाळ फोडलेलं नाही. तिच्या हातची गोळी मी घेणार नाही.

शेजारीण परवा तिच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली. तिचे डॉक्टर तीन. मी विचारलं, एवढंच का? हो म्हणाली. मी तिच्याकडे बघत बसले. मग ती उठून घरी गेली आणि आणखी दोन पाकिटं घेऊन आली. सगळ्यांच्या मुंग्या सोबत जोडल्या आहेत. मॅडमना दाखव, मग कळव.

वीस तारखेच्या आत नाव नोंदव. नोंदवलं का, हे तुझ्या हातचं लिहून यायला हवं. बापाने लिहायचं नाही, तो सर्व क्षेम म्हणून मोकळा होतो. मॅडमनी लिहायचं नाही. उत्तर तूच द्यायचं.

आजी